पोटखराब जमीन आणि तिचे रहिवासी

'वाळवंट' हा मराठी शब्द मुळात नदीचा आहे, ही गोष्ट शाळेतल्या भूगोलाने आपल्याला जवळजवळ विसरायला लावली आहे. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे दिंड्या, पताका आणि कीर्तनाचा गजर उभा राहतो. आणि पैठणला गोदावरीच्या ज्या वाळवंटात, ऐन दुपारी, तापल्या वाळूत पाय भाजून रडणारे एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे मूल एकनाथ महाराजांनी कडेवर उचलून घेतले असे परंपरा सांगते, तेही गावापासून हाकेच्या अंतरावरचे, पाण्याच्या काठचेच वाळवंट होते. ज्यांनी सहारा किंवा गोबी कधी पाहिली नव्हती, अशा लोकांना निर्जल प्रदेशासाठी शब्द लागला तेव्हा त्यांनी नदीकाठची ओळखीची वाळू उचलून तिकडे नेऊन ठेवली, आणि शब्दाबरोबर एक गैरसमजही रवाना झाला, तो हा की वाळवंट म्हणजे वाळू. वस्तुतः जगातील मरुभूमीचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूने झाकलेला आहे. बाकी सारा उघडा खडक, गोटे, क्षारांची पापुद्री आणि फुटून गेलेली माती.

तेव्हा मरुभूमी वाळूवरून ठरत नाही, आणि उन्हावरूनही ठरत नाही; ती पाण्याच्या जमाखर्चावरून ठरते. वर्षाला २५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच, याहून कमी पाऊस पडेल ती मरुभूमी, हा जुना आणि ढोबळ हिशेब. या हिशेबाने बर्फाखाली गाडला गेलेला अंटार्क्टिका खंड हीच पृथ्वीवरील सर्वांत विस्तीर्ण मरुभूमी ठरते. त्याहून चोख हिशेब असा, की आकाशातून जेवढे पाणी पडते ती जमा धरावी, आणि पाणी मुबलक असते तर ऊन, वारा व वनस्पती यांनी मिळून जेवढे वाफेच्या रूपाने उडवून नेले असते तो खर्च धरावा. जमा ही खर्चाच्या विसाव्या हिश्श्यालाही पोहोचत नसेल तर प्रदेश अतिशुष्क, पाचव्या हिश्श्याच्या आत असेल तर शुष्क, आणि पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असेल तर अर्धशुष्क. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाफेचा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक भरतो. म्हणजे आपला मुलूख अर्धशुष्क. महाराष्ट्रात खरीखुरी मरुभूमी नाही, हे कबूल करूनच पुढे जायला हवे. परंतु मरुभूमीचा कायदा ज्यांना लागू आहे असे वनस्पती आणि प्राणी मात्र आपल्या उंबऱ्याशी नांदत आहेत.

हा प्रदेश असा का, याचे उत्तर पश्चिमेकडे आहे. अरबी समुद्रावरून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, चढताना थंडावतो आणि आपले बहुतेक ओझे तिथेच उतरवून टाकतो. महाबळेश्वरी त्यामुळे सरासरीने ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. घाट ओलांडून तोच वारा पूर्वेकडे उतरू लागला की उतरताना तापतो, आणि तापलेला वारा पाणी द्यायचे सोडून घ्यायला लागतो. माण, खटाव, सांगोले, नगर या भागांना या पर्जन्यछायेचा सर्वांत कडक जाच आहे. मराठवाड्याला त्याहून थोडी सूट आहे, पण ती भरवशाची नाही. शिवाय भूमीची रचनाही आड येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत गेलेला लाव्हा थिजून जो काळा पाषाण झाला, त्याच्या अंगात पाणी मुरवण्याची जागा थोडी. मुरूम झालेला वरचा थर आणि मधल्या भेगा एवढीच काय ती त्याची कोठी. म्हणून इथे चांगला पाऊस होऊन गेल्यावरही चैत्रात विहिरीचा तळ दिसतो.

या भूमीला तिची ओळख जुन्या माणसांनी बिनचूक दिली होती. मलिक अंबराने १६१० मध्ये आपली राजधानी वसवली त्या गावाचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नावच मुळी खडकी होते; आणि खुलताबादेच्या पलीकडे ज्या उंच पठारावर आज लोक हवा खायला जातात त्याचे नाव म्हैसमाळ. खडक आणि माळ, हेच दोन शब्द या जिल्ह्याच्या नकाशावर जागोजाग आढळतात. परंतु महसुलाच्या दप्तरात भूमीचा प्रवेश झाला की तिच्या नावाची जागा तिचा दर्जा घेतो. जिरायत, बागायत, गायरान, पडीक. आणि ज्या तुकड्यात नांगर चालत नाही, म्हणून ज्यावर आकारणीही होत नाही, तो पोटखराब. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हा शब्द प्रत्येक खातेदाराने पाहिलेला असतो. त्या शब्दात लबाडी नाही. वसुलीच्या दृष्टीने तो अगदी प्रामाणिक आहे, कारण ज्या खडकावर ज्वारीचे ताट उभे राहत नाही तिथून सरकारने काय वसूल करावे? घोटाळा होतो तो पुढे, जेव्हा तलाठ्याच्या रकान्यातला हा शब्द आपण निसर्गाचाच निवाडा समजून बसतो, आणि जिथे पीक नाही व वृक्षही नाही तिथे काहीच नाही असे मानू लागतो.

काही नाही असे वाटणारी ती जागा पाहायला फार लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामागे गोगाबाबाच्या टेकडीवर वैशाखातल्या सकाळी चढून जावे. पायाखाली करडे झालेले गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर आणि पिवळ्या फुलांचा तरवड, खडकाच्या कपारीत थोराचे एखादे बेट, आणि वर पांढऱ्याफटक आभाळात फिरणारी घार. चढून येईपर्यंत गवताची कुसळे धोतराच्या किंवा विजारीच्या कडेला भरलेली असतात, आणि ती उपटीत बसणे हा माळाशी झालेल्या परिचयाचा पहिला धडा असतो.

त्या कुसळापासूनच आरंभ करू. कुसळी गवताच्या बीजाला एक टोकदार, मागे वळलेल्या केसांचा काटा असतो आणि त्याच्या पाठीला दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी असते. हवेत ओल आली की ही शेपटी उलगडते, हवा सुकली की पुन्हा पिळते. आणि या उलगडण्या-पिळण्यात तिला आजूबाजूच्या काड्यांचा आधार मिळाला की पुढचा काटा गिरमिटासारखा फिरत मातीत शिरतो. केस मागे वळलेले असल्यामुळे शिरलेला काटा बाहेर येत नाही. अशा रीतीने मेलेल्या गवताचे सुटे बीज, ज्याच्या शेपटीत जिवंत पेशी म्हणून एकही उरलेली नाही, ते केवळ दिवसा-रात्रीच्या हवेतील फरकाच्या जोरावर स्वतःला पेरून घेते. मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातड्यात हीच कुसळे घुसतात तेव्हा धनगर त्यांना जी नावे ठेवतो ती इथे देण्याजोगी नाहीत, पण धनगराचा कळप हाही त्या बीजाचा एक वाहतूकदारच आहे. बीज जमिनीत गेले की माळाचा खरा संसार चालतो तो खालीच. आपण वर जे पाहतो ते वाळलेले गवत म्हणजे उन्हाळ्यासाठी मिटवलेले दुकान. भांडवल सारे मुळांत असते. आग लागो, गुरे चरोत, दोन वर्षे पाऊस न पडो, एका सरीने तेच ठोंब पुन्हा हिरवे होते.

हीच रीत वृक्षांत शमीने पत्करली आहे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो आणि मराठी मुलखात जिला सौंदड असेही म्हणतात, तीच राजस्थानची खेजडी. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी हेच वृक्ष तोडायला आलेल्या दरबारी माणसांपुढे अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजाचे लोक मिळून ३६३ जणांनी प्राण दिले. ज्या मुलखात अन्य सावली नाही तिथे हा वृक्ष भर ग्रीष्मात नवी पालवी धरतो, याचे कारण त्याचे सोटमूळ; ते शंभर फुटांपर्यंत खोल उतरल्याच्या नोंदी आहेत. तिच्याच गणगोतातली अमेरिकेहून आणलेली वेडी बाभूळ मात्र आज मराठवाड्याच्या ओढ्याकाठी आणि गायरानात असा धुमाकूळ घालते आहे की खालचे गवतच नाहीसे व्हावे. दोघींची मुळे सारखीच खोल. फरक एवढाच की एकीने या माळाशी हजारो वर्षे जुळवून घेतलेले आहे, आणि दुसरीला कोणी तरी हिरवळीच्या हौसेने इथे आणून सोडलेले आहे.

ज्यांना खोल जाता येत नाही त्यांनी साठवण्याचा मार्ग धरला. आपण थोर आणि फड्या निवडुंग यांना एकाच कुळातले समजतो, कारण दोघांनाही पाने जवळजवळ नाहीत, दोघांचेही खोड मांसल व हिरवे, आणि दोघांच्याही अंगावर काटे. पण फांदी मोडून पाहावी: थोरातून पांढरा चीक वाहू लागतो, निवडुंगातून नाही. थोर हा या भूमीचा, एरंडाच्या कुळातला; निवडुंग हा समुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलेला, आणि दोघांचा परस्परांशी दूरचाही नातेसंबंध नाही. दोन खंडांत, दोन वेगळ्या कुळांत, एकाच टंचाईने एकच शरीर घडवले.

या शरीराच्या आत जो व्यवहार चालतो त्याचा एक आरंभीचा माग, योगायोग असा, हिंदुस्थानातच लागला, आणि तोही एका माणसाने पाने चाखून पाहिली म्हणून. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ इथे होता. त्याला आढळले की पानफुटीचे पान, जी पानफुटी आपल्या परसात कुठेही उगवते तिचे, पहाटे आंबट लागते, दुपारी त्याला चव राहत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होते. १८१५ साली त्याचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. उलगडा पुष्कळ पुढे झाला. वनस्पतीला अन्न करण्यासाठी हवेतला कर्बवायू आत घ्यावा लागतो, आणि तो घेण्यासाठी पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. पण रंध्र उघडले की तेवढ्याच वाटेने आतले पाणी उडून जाते. दिवसा दार उघडणे म्हणजे घर लुटू देणे. म्हणून पानफुटी, निवडुंग आणि त्यांच्यासारख्या अनेक वनस्पती रात्री, हवा गार व दमट असताना, दार उघडतात, कर्बवायू आत घेऊन त्याचे आम्ल करून ठेवतात, आणि उजाडल्यावर दारे लावून घेऊन त्या साठ्यावर सूर्यप्रकाशात आपला स्वयंपाक करतात. पहाटेचा आंबटपणा तो हा साठा. मराठी घरातील कोणाही जिज्ञासूने उद्या पहाटे उठून हा प्रयोग स्वतःच्या जिभेवर करून पाहावा.

प्राण्यांजवळ दार लावून घेण्याची सोय नाही, म्हणून ते पृथ्वीच्या दाराआड जातात. भर मे महिन्यात माळावरचा खडक हात ठेववत नाही इतका तापतो, पण हात-दीड हात खाली दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक जवळजवळ मिटलेला असतो. खोकड, घोरपड, उंदीर, विंचू हे सारे या तळघरातले भाडेकरू. दुपारी माळ निर्जन दिसतो तो यामुळे. फुरशासारखा विषारी साप उन्हात दगडाखाली पडून राहतो आणि रात्री हिंडतो; डिवचला तर वेटोळ्यातले दातेरी खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. जो उन्हात उघडपणे मिरवतो तो सरडा. वैशाखात दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून माद्यांना बोलावणाऱ्या या सरड्यांपैकी काही जाती स्वतंत्र गणाच्या आहेत असे २०१६ साली निश्चित झाले, तेव्हा संशोधकांनी त्या गणाला शास्त्रीय नावच 'सरडा' असे ठेवले. जगाच्या प्राणिशास्त्रात एक अस्सल मराठी शब्द रुजू झाला याचे कौतुक आपल्याकडे व्हावे तितके झालेले नाही.

चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकते. पाल्यातली ओल आणि पहाटेचे दव यांवर तिचे भागते. पखुर्डीची रीत मात्र निराळी आहे, आणि ती ऐकून प्रथम कोणाचाच विश्वास बसत नाही. हा कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी कोरडे दाणे खातो, त्यामुळे त्याला पाणी रोज लागते. पण घरटे मात्र, घरटे म्हणजे काय, उघड्या माळावरचा एक खळगा, पाण्यापासून कोसच्या कोस दूर असते, कारण पाणवठ्याशी शिकारी असतात. मग उडता न येणाऱ्या पिल्लांची तहान भागवायची कशी? नर पाणवठ्यावर येतो, पोटाची पिसे फुलवून पाण्यात बसतो, आणि ती भिजवून उडत माघारी जातो. पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतले पाणी शोषून घेतात. पोटाच्या त्या पिसांचे तंतू पिळलेले असतात, ते भिजले की उलगडून उभे राहतात आणि पाणी धरून ठेवतात. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरून हे लिहिले तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांनी ते कल्पित ठरवले. १९६७ साली आफ्रिकेतील कालाहारी मरुभूमीत केड आणि मॅक्लीन यांनी त्याची शहानिशा करून ते खरे असल्याचे सिद्ध केले. मधली ७१ वर्षे तो नर रोज पाणी भरीतच होता. कुसळाची शेपटी आणि पखुर्डीचे पीस, दोघांनीही पिळाचीच युक्ती योजावी, हे मला फार विलक्षण वाटते.

माणसानेही इथे टिकायचे ठरवले तेव्हा वेगळे काही केले नाही. खडकीत राजधानी वसवून तिला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न मलिक अंबरापुढे आला तेव्हा त्याने धरण बांधले नाही. त्याने इराण आणि मध्य आशियाच्या मरुभूमीत शेकडो वर्षे रूढ असलेली भूमिगत कालव्याची विद्या इथे आणली. टेकड्यांच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी गाठून, अगदी सौम्य उताराच्या बंदिस्त नळातून ते जमिनीखालूनच शहरात आणायचे, वाटेत हवेसाठी व साफसफाईसाठी उभे झरोके ठेवायचे: हीच नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी निघाल्या, आणि पाणचक्कीचे जाते फिरवणारे पाणीही तसल्याच एका नहरीचे. यातली हुशारी अशी की सूर्याला पाणी दिसूच द्यायचे नाही. ज्या मुलखात वाफेचा खर्च जमेच्या दुपटीवर आहे तिथे उघडा तलाव म्हणजे सूर्याला लावलेले अन्नछत्र. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच सुमाराचा आणि त्याच विद्येचा. आता या नहरी बहुतांशी फुटल्या, बुजल्या, त्यांच्यावर घरे उभी राहिली; आणि शहर पैठणच्या जायकवाडीचे पाणी चढावर उपसून पिते, ज्या जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय वर्षभर सूर्यापुढे उघडा पडलेला असतो. जुन्याचे निष्कारण गोडवे गाण्याची मला हौस नाही, कारण लाखोंचे शहर त्या नळांवर जगले नसते हे उघड आहे. पण पाणी झाकून आणणाऱ्या माणसाला इथल्या भूमीची जेवढी पारख होती तेवढी आपल्याला आहे का, असा संशय येतो खरा.

माळाची पारख नसल्याची किंमत सर्वांत अधिक कोणी मोजली असेल तर माळढोकाने. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचा, दहा-पंधरा किलो वजनाचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांतला एक सर्वांत जड, उघड्या गवतात राहतो, बहुधा एका विणीत एकच अंडे घालतो, आणि शत्रू दुरून दिसावा एवढीच त्याची माळाकडून अपेक्षा. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली त्याच्यासाठी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आल्यामुळे ते कागदावर प्रचंड आणि प्रत्यक्षात नान्नजच्या थोड्या गवतापुरते राहिले, आणि पुढे त्याचे क्षेत्र पुष्कळ घटवावे लागले. तोवर माळाचे तुकडे होत गेले होते. कुठे कालवा आणि त्यापाठोपाठ ऊस आला, कुठे कारखाने आले, विजेच्या तारा आल्या. आणि कुठे तर केवळ सद्हेतूने, 'ओसाड' जमीन हिरवी करावी म्हणून, गवत उकरून खड्डे घेतले गेले आणि त्यांत झाडे लावली गेली. वृक्षलागवडीला नावे ठेवणारा माणूस समाजात वेडाच ठरतो; पण ज्याला दोन फर्लांगांवरचा लांडगा दिसायला हवा त्या पक्ष्यापुढे ग्लिरिसिडियाची भिंत उभी केली तर त्याने राहावे कुठे? आज माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेलेला आहे. ज्या लांडग्याला तो पाहू इच्छीत होता, तो लांडगाही आता धनगरांच्या कळपांमागे, उरल्यासुरल्या गायरानांच्या आधाराने, कसाबसा तग धरून आहे.

आणि तरीही रोहिणी संपून मृग लागतो, पहिली जोरदार सर पडते, आणि माळ आपले तळघर उघडतो. ढेकूळ फुटल्याचा वास अजून हवेत असतो तोच मखमली तांबड्या रंगाचे मृगाचे किडे तुरूतुरू चालू लागतात. आपण त्याला किडा म्हणतो खरे, पण त्याला पाय आठ, म्हणजे तो कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीत निजलेला असतो आणि पहिल्या पावसात वारुळातून उडू पाहणाऱ्या वाळवीच्या जेवणावळीला तेवढा वर येतो. त्याच रात्री डबक्याच्या काठी भुईबेडकांचा कालवा सुरू होतो. वाटोळा, आखूड पायांचा हा बेडूक गेले आठ महिने मुरमात गाडून घेऊन बसलेला होता; आता जे पाणी दोन-चार आठवड्यांत आटणार आहे त्यात अंडी घालून, त्या अंड्यांचे बेडूक होऊन काठावर यायचे, एवढे सारे काम त्या मुदतीत उरकायचे आहे.

पाऊस उघडतो, डबके आटते, गवत पुरुषभर वाढून पुन्हा पिवळे पडू लागते, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मध्य आशियातून भोवत्ये हे शिकारी पक्षी येऊन त्या गवतावर हात-दोन हातांच्या उंचीने तरंगत फिरू लागतात. अशाच एखाद्या संध्याकाळी भुईबेडूक आपल्या मागच्या पायांच्या टाचेवरचे फावड्यासारखे कठीण उंचवटे मातीत रोवतो, आणि मागल्या अंगाने, डोळे वर ठेवून, गोल फिरत फिरत खाली जाऊ लागतो. प्रथम कंबर जाते, मग पुढचे पाय, मग डोळे. वरची माती आपोआप सरकून भोक बुजते, आणि तिथे काही होते याची खूण राहत नाही.